रकमाबायचा अंगठा

पट्टी सोडली तर आत जखमच नव्हती. हळदीने पिवळा झालेला, चांगला धडधाकट डावा अंगठा. ती बाई तापलेलं मूल दाखवायला आली होती. पट्टीची चिंधी फार मळलेली दिसली म्हणून मी आपण होऊन ती सोडली. बाईचा नवरा जाऊन पाच दिवस झाले होते. तिने माझ्याकडे न बघता माझ्या मागे दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या बाईकडे बघितलं.

"काय लागलंय हिला?" मी विचारलं.

"कोयती," दारातली बाई म्हणाली.

"कुठे?"

"आत हाय. वरनं नाय दिसत."

"आत म्हणजे?"

"शिष्टर, पोराला औषद द्या, आनि हिला पुन्यांदा बांदा. जाड बांदा."

तिच्या स्वतःच्या डाव्या अंगठ्यालाही तशीच चिंधी होती. ती रकमाबाय.

तारापूरच्या बाजूच्या एका लहान दवाखान्यात मी नर्स होते. साठ सालानंतरची पाच-सहा वर्षं तिथे काढली. मी घाटावरची. मासळीचा वास, खारं पाणी आणि तिथली बोली यांची सवय व्हायला मला वर्ष लागलं. रकमाबायची सवय शेवटपर्यंत झाली नाही. आठ महिन्यांत ज्या तीन बायांचे नवरे गेले, त्या तिघींच्या डाव्या अंगठ्याला पट्टी होती आणि तिघींच्या घरी रकमाबायचं जाणं-येणं होतं. मला वाटलं, करणीबिरणीचा प्रकार असावा. किंवा ही बाई घरात दुःख असताना काहीतरी उपटत असावी. कंपाउंडरला विचारलं तर तो म्हणाला, "तिच्या नादी लागू नका. तिने स्वतःचा नवराच कुठेतरी दडवून ठेवलाय असं लोक म्हणतात."

पुढच्या खेपेला ती खोकल्याचं औषध न्यायला आली तेव्हा मी सरळ म्हटलं, "हे पट्ट्यांचं काय आहे ते सांगा, नाहीतर मी डॉक्टरांना सांगते."

तिने दार लोटलं. खिडकीतून बाहेर पाहिलं. औषधाच्या कपाटामागेही पाहिलं. मग उभ्या-उभ्याच बोलली.

"नवरा मेला का पाचव्या-सहाव्या दिशी शेठ येतो. नारळ आनतो, साखर आनतो. रडतोबी. मंग कागद काढतो. 'वयनी, तुमच्या मानसानं काय घेतलंवतं ते लिवून ठेवलंय. निशानी द्या, म्हंजे तो मोकळा झाला.' बाई देते. तिला जेवन सुचत नाय, कागद काय सुचनार?"

"मग? नवऱ्याचं देणं बायकोने द्यायला नको?"

"कशापायी? मेलेल्याचं देनं मेलेल्याच्या मालावर. त्यानं काय ठेवलं असंल तर घ्या. नाय पुरलं तर नाय पुरलं. तिच्या कमाईवर नाय, तिच्या बापानं दिलंय त्याच्यावर नाय. पन तिनं नव्या कागदावर अंगठा दिला का ते देनं तिचं झालं. मंग शेठ बरोबर."

हे तिला पालघरच्या कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाने सांगितलं होतं. त्याबद्दल तिने त्याला टोपलीभर सोललेल्या सुक्या कोलंबीचे सोडे दिले होते. सोडे देऊनही तिचा त्याच्यावर भरवसा नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन तिने तोच प्रश्न विचारला, उत्तर बदलतं का बघायला. तिसऱ्या दिवशी समोरच्या झाडाखालच्या दुसऱ्या अर्जनवीसाला विचारला. दोघांचं उत्तर जुळलं तेव्हा, दोघे एकमेकांचे नातेवाईक नाहीत ना, याची तिने चौकशी केली.

"पण खोटी पट्टी कशाला?" मी म्हटलं. "बाईने सरळ सांगावं, मी निशाणी देणार नाही."

"तुमचा नवरा मेलाय कदी?"

"नाही."

"मंग गप बसा," असं म्हणून तिने औषधाची बाटली घेतली, बूच काढून हुंगली, आणि माझ्यासमोर धरली. "एक घोट तुमी घ्या आदी."

मी घेतला. त्याशिवाय ती गेली नसती.

ती काटक होती, काळी आणि उंच. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बोंबील सुकवून पालघरच्या बाजारात विकायची. बसली की टोपली दोन पायांच्या मध्ये. दाराकडे पाठ करून मी तिला कधी बसलेलं पाहिलं नाही. कुणी नाव विचारलं तर आधी त्या माणसाच्या खिशाला पेन आहे का ते बघायची. एकदा खानेसुमारीचा माणूस आला होता. घरातला कर्ता पुरुष कोण, असं त्याने विचारलं.

"घरी नाय."

"कधी येतील?"

"तुमाला काय काम हाय त्याच्याकडं?"

"काम नाही. जिवंत आहेत ना, तेवढं लिहायचंय."

"लिवून तुमी कोनाला दाकवनार?"

तो बिचारा तासाभराने उठला आणि दवाखान्यात येऊन पाणी प्यायला.

तिचा नवरा दहा-अकरा वर्षांपूर्वी वेरावळच्या एका बोटीवर कामाला गेला होता आणि परत आला नव्हता. जाण्याआधी पालघरच्या एका शेठकडून त्याने बरंच उचललं होतं. शेठ विचारायला आला की ती म्हणायची, "तो येईल तवा त्याला विचारा." मेला असेल असं कुणी सुचवलं तर, "मढं दाकवा." जिवंत आहे तर कुठे आहे, यावर ती उत्तरच द्यायची नाही. म्हणून ती अंगठ्याची चिंधी. इतरांची तेरा दिवसांनी सुटायची, हिची सुटत नव्हती. तिचा हिशोब असा होता की नवरा कधी मेल्याचा निघेल ते सांगता येत नाही, तर अंगठा आपला झाकलेला बरा.

एकदा सुपारीसाठी तिने चंची उघडली तेव्हा आत एक पोस्टकार्ड दिसलं. चार घड्या पडलेलं, कडा झिजून मऊ झालेल्या.

"पत्र कुणाचं?"

"कागद हाय."

"वाचून दाखवू?"

तिने चंचीची दोरी ओढली, टोपली उचलली आणि पंधरा दिवस दवाखान्याकडे फिरकली नाही. तेव्हापासून मला वाटू लागलं की गावातले लोक म्हणतात त्यात तथ्य असावं.

ती देणं बुडवायला शिकवते, असंही मला वाटायचं. ते मात्र लखमा आला त्या दिवशी मनातून गेलं. लखमा मनोरच्या वरच्या डोंगरातला. पावसाच्या शेतीतून भागत नाही म्हणून कामाला खाली उतरणाऱ्यांपैकी. एका तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, बोंबील वाळत घालायच्या वलांडीसाठी त्याने बांबू तोडून, वाहून आणून, उभे करून दिले होते. मजुरी मिळायची होती आणि तांडेल मेला. दहाव्या दिवशी लखमा येऊन कुंपणाबाहेर उभा राहिला. त्याच्याकडे कागद नव्हता. मी त्या घरी बाळंतिणीला बघायला गेले होते, त्यामुळे पुढचं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

"किती दिस काम केलं?" रकमाबायने विचारलं.

"नव."

"बांबू कुटले?"

"आमच्या वरच्या पाड्यातले."

"दुपारला काय जेवला इथं?"

"भात नि बोंबलाचं कालवन."

"कसं होतं?"

लखमा खाली बघून म्हणाला, "एक दिस मीठ लय झालंवतं."

आत बसलेली विधवा हुंदका देऊन म्हणाली, "झालंवतं. ते पन ओरडले."

रकमाबाय उठली. मेलेल्या तांडेलाचं लहान जाळं, कुऱ्हाड आणि कंदील आणून तिने लखमाच्या पुढ्यात ठेवले. "हे त्याचं हाय. पुरतंय का बग." लखमाने कुऱ्हाड आणि कंदील घेतला, जाळं तो कुठे टाकणार? ते तिने तिथेच एका खलाशाला विकायला लावलं आणि पैसे लखमाला दिले. विधवेच्या अंगठ्याची पट्टी मात्र सुटली नाही. शेठ अजून एकदा यायचा होता.

त्याच सुमारास मी बायकांचा साक्षरतेचा वर्ग सुरू केला होता. संध्याकाळी, दवाखान्याच्या ओट्यावर. तारापूरच्या अणुवीज प्रकल्पाचं काम निघालं होतं, बोईसरकडून ट्रक यायला लागले होते, टाके घालून घ्यायला येणारे मजूर "जल्दी करो सिस्टर" करत रांग लावायचे. जग बदलतंय तर या बायकांना निदान सही यावी, एवढंच माझ्या डोक्यात. सगळ्यांत हुशार सुनंदा. वीस वर्षांची, कडेवर दोन वर्षांचा मुलगा. महिन्याभरात सही शिकली आणि पुढची अक्षरं मागू लागली.

रकमाबाय एकदा ओट्याखाली उभी राहून बघत होती.

"काय शिकवता?"

"सही."

"कशापायी?"

"कुणी फसवू नये म्हणून."

ती हसली. मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच. "अंगठ्याला चिंदी बांदता येते, शिष्टर. सहीला काय बांदू?"

मी मनात म्हटलं, हिला बायका अडाणी राहिलेल्याच हव्यात. अडाणी आहेत तोवर हिला मान.

पावसाळा संपता संपता सुनंदाच्या नवऱ्याच्या हातात गळ घुसला. त्याने तो उपटून काढला, वर तंबाखू लावली आणि पुन्हा समुद्रावर गेला. माझ्याकडे आणला तेव्हा धनुर्वाताने दातखीळ बसली होती. पालघरला नेईपर्यंत उशीर झाला.

तो गेल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी रकमाबाय सुनंदाला घेऊन दवाखान्यात आली. मी सुया उकळत ठेवल्या होत्या.

"तुमी शिकवलं. आता तुमी बांदा," ती म्हणाली. "उजवा हात सगळा. आनि डावा अंगठाबी."

प्रकरण असं होतं. सुनंदाच्या नवऱ्याने पालघरच्या त्याच शेठकडून नायलॉनचं जाळं उचललं होतं आणि वर पैसेही. सुनंदाकडे स्वतःचं म्हणून एकच होतं, बापाने तिच्या नावे करून दिलेलं बोंबील सुकवायचं खळं. ते नेमकं प्रकल्पाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. शेठला तिथे गोदाम हवं होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. खळं गेलं तर सुनंदाने आणि त्या पोराने खायचं काय, हेही माहीत होतं. आणि सुनंदाला सही येते, हेही. ओट्यावर बसून पाटीवर सही करताना तिला येणारे-जाणारे बघत होतेच.

"पट्टी बांधते," मी म्हटलं, "पण रजिस्टरात लिहावं लागतं. काही लागलेलं नसताना मी खोटं लिहिणार नाही."

"खोटं नको?"

"नको."

"मंग खरं करू."

मला कळायच्या आत तिने सुनंदाचं मनगट धरलं आणि हात उकळत्या पातेल्यावर नेला. सुनंदाने हात ओढला नाही, हे मी अजून विसरले नाही. मी दोघींना धरून मागे खेचलं तोवर वाफेने तळहात लाल झाला होता.

"आता लिवा," रकमाबाय म्हणाली.

मी लिहिलं. उजव्या तळहाताला वाफेचा चटका. यात एक अक्षर खोटं नव्हतं. पट्टी मनगटापर्यंत बांधली, आणि डाव्या अंगठ्यालाही बांधली. ती कशासाठी, ते लिहिलं नाही.

दोन दिवसांनी शेठ आधी सुनंदाकडे आणि तिथून माझ्याकडे आला. गोड बोलणारा माणूस. दवाखान्यात पंखा नाही, याचं त्याला वाईट वाटलं.

"सिस्टर, त्या मुलीच्या हाताची पट्टी पाच मिनिटं सोडता येईल का? सहीपुरती. नवऱ्याने काय घेतलं होतं त्याची नुसती नोंद आहे."

"चटका आहे. तेरा दिवस होईपर्यंत सोडायची नाही."

"तेराच?"

"तेराच."

"मोजून?"

तो मूर्ख नव्हता. चटक्याला तेरा दिवस कुठल्या पुस्तकात सांगितलेत, हे मलाही ठाऊक नव्हतं. "पिकला तर हात जाईल. जबाबदारी तुम्ही घेत असाल तर लिहून द्या, मी आत्ता सोडते," असं म्हणून मी त्याच्यापुढे कागद आणि पेन सरकवलं. त्याने पेन उचललं नाही.

तेराव्यापर्यंत रकमाबायने सुनंदाला हाताने भरवलं. सुनंदा कुरकुरायची, "काटा नीट काड ना गे मावशे," आणि रकमाबाय म्हणायची, "शेठचा गिळनार व्हतीस, माजा काटा टोचतो व्हय?"

तेराव्याला मी मुद्दाम सुनंदाकडे गेले. शेठही माणूस घेऊन जीपने आला होता. अंगणात मेलेल्याच्या वस्तू मांडल्या होत्या. नायलॉनचं जाळं, बोटीतल्या वाट्याची दोरखंडं आणि बोये, सुरा, एक सदरा. सुनंदाची पट्टी त्या सकाळी मीच सोडली होती. हात मोकळा होता.

"हे त्याचं," रकमाबाय शेठला म्हणाली. "बोटीतला वाटाबी घ्या. न्या."

"एवढ्याने भागत नाही," शेठ म्हणाला. मग तो सुनंदाकडे वळला, आणि त्याचा आवाज खाली आला. "वहिनी, माणूस देणेकरी म्हणून गेला असं लोकांनी म्हणावं का? तुमच्या पोराला उद्या ऐकवतील. सही तर येते तुम्हाला."

सुनंदाचे डोळे भरले. तिने हात पुढे केला. रकमाबाय एक पाऊल पुढे आली आणि थांबली. आता बांधायला तिच्याकडे काही नव्हतं.

सुनंदाने कागद घेतला, पेन घेतलं नाही. खाली बसली, कागद मांडीवर ठेवला आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. माझ्याकडे तिचे दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. एकेक अक्षर तोंडाने म्हणत, जोडाक्षराला अडखळत, मागे येत ती वाचत राहिली. शेठ म्हणाला, "अहो, नुसती नोंद आहे." कुणी ऐकलं नाही. त्याचा माणूस दोनदा जीपपर्यंत जाऊन आला. चौथ्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"ख," ती म्हणाली. "ळं. खळं." मग वर बघून, "माजं खळं हितं कोनी लिवलं?"

शेठने कागद घडी करून खिशात घातला. जाळं, दोरखंडं घेऊन गेला. बोटीतला वाटा पुढे त्याने विकून घेतला. खळ्यासाठी तो पुन्हा आला नाही.

मी रकमाबायकडे बघत होते. ती शेठकडे बघत नव्हती, सुनंदाच्या बोटाकडे बघत होती.

दिवाळीनंतर सुनंदाचा मुलगा लस टोचायला आला तेव्हा त्याच्या कमरेला चांदीचा करगोटा होता. मोठ्या माणसाचा, दोन पदर करून घातलेला. तो मी त्याच्या बापाच्या कमरेला पाहिला होता, शेवटच्या दिवशी. रकमाबाय बरोबर होती.

"हा तेराव्याला अंगणात नव्हता," मी म्हटलं.

"नव्हता?"

"नव्हता."

"तुमी मोजत होता?"

पुढे मी विचारलं नाही. तिला मी साधी समजत नव्हतेच.

वर्षभराने माझी बदली झाली. निघायच्या आदल्या दुपारी मी कपाट लावत होते. रकमाबाय आली. दार लोटलं, खिडकी पाहिली, कपाटामागे पाहिलं. मग चंचीतून ते पोस्टकार्ड काढून तिने टेबलावर ठेवलं.

"वाचा."

"आज? इतकी वर्षं ठेवलंत ते?"

"तुमी उद्या जानार. ज्याला कळलं ते मानूस गावात नको."

मी कार्ड उचललं तसा तिने माझा हात धरला. "मोट्यानं नको. तोंडानं कायबी सांगू नका. चिंदी ठेवू का सोडू, तेवडंच सांगा."

वेरावळच्या कुणा मराठी खलाशाने लिहिलं होतं. शाई फिकी झाली होती, पण वाचता येत होतं. दुसऱ्याच ओळीत ते होतं. तापाने गेला, कपड्यांचं गाठोडं आमच्याकडे आहे, नेण्यास यावे. वरच्या तारखेला नऊ वर्षं झाली होती. घड्यांवरून आणि डागांवरून ते कार्ड कितीतरी वेळा उघडलेलं दिसत होतं. तिने याआधी कुणाकडून वाचून घेतलं होतं का, मला सांगता येणार नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

कार्ड घडी करून तिला परत दिलं. तिचा डावा हात पुढे ओढला आणि चिंधी सोडली. इतकी वर्षं झाकलेला तो अंगठा पांढरा पडला होता, मऊ, लहान मुलाचा असावा तसा. मी तो पुसला आणि कपाटातली नवी पट्टी काढून बांधू लागले.

"जाड बांदा," ती म्हणाली.

"तेरा दिवस," मी म्हटलं.

तिने मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं का, ते मी पाहिलं नाही, कारण तिने लगेच टोपली उचलली. कुंकवाला हात लावला नाही. मी खिडकीशी उभी राहिले. ती खळ्याच्या वाटेने गेली. सुनंदाच्या वलांडीपाशी थांबली, मागेपुढे बघितलं, आणि अंगठा तोंडाजवळ नेऊन मी बांधलेली गाठ दातांनी ओढून पाहिली.